बटणावरचा हात

तिला सगळे पट्टी म्हणत. हे नाव दादाने ठेवलं होतं आणि ते इतकं चिकटलं होतं, की शर्टांच्या कारखान्यात तिचं खरं नाव कुणी विचारलं तर बरोबरच्या बायका एकमेकींच्या तोंडाकडे बघत. कारखान्यात ती कागदी नमुने कापायची. कॉलर, बाही, खांदा, पाठ असा एकेका मापाचा जाड कागदाचा नमुना तिच्या हातून निघायचा आणि मग त्याच्यावरून कापडाचे थर कापले जायचे. नमुना रेघभर चुकला तर पाचशे शर्ट चुकले, हे तिच्या डोक्यात पक्कं बसलेलं. त्यामुळे हातात लाकडी फूटपट्टी कायम, आणि घरी आल्यावरही ती सुटायची नाही. दादा म्हणायचा, "हिला बशीत बिस्कीट दिलं, तर ही आधी त्याची लांबी मोजेल आणि मग खाईल."

दादा तिच्यापेक्षा सहा वर्षांनी मोठा. रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं त्याचं दुकान खाली रस्त्यावर आणि दोघांच्या दोन खोल्या दुकानाच्या वर. आई-वडील लवकर गेले होते. लग्नं दोघांचीही राहून गेली. कुणी विचारलंच तर दादा सांगायचा की हिच्या मापाचा नवरा बाजारात मिळाला नाही, आणि ती सांगायची की ह्याला कुणी विचारलंच नाही. दोघंही खरं सांगत होती. घरात भांडण नव्हतं, फार बोलणंही नव्हतं. संध्याकाळी तो तारा जोडायच्या डाखकामाचा वास घेऊन वर यायचा, ती चहा ठेवायची, दोघं आपापल्या कोपऱ्यात बसायची. तो खेळ घरात आला नसता, तर ती दोघं तशीच बसून म्हातारी झाली असती असं मला वाटतं.

खेळ आला तो एका गिऱ्हाइकामुळे. त्याने कॉम्प्युटर दुरुस्तीला टाकला आणि पुन्हा तोंड दाखवलं नाही. कॉम्प्युटरबरोबर एक पुठ्ठ्याची पेटी होती आणि पेटीत 'अंधारकोट' नावाच्या खेळाची डिस्क. पुढे या खेळाचे भागावर भाग निघाले आणि तो जगभर गाजला. तेव्हा मात्र त्यात बघण्यासारखं काही नव्हतं. काळा पडदा आणि त्यावर पांढऱ्या रेघा. चार रेघा तिरक्या आल्या की समजायचं बोळ आहे, एक चौकोन आला की दार. रंग नाही, आवाज नाही. आपण सहा माणसं तयार करायची, त्यांना नावं द्यायची आणि त्यांना घेऊन एका किल्ल्याच्या पोटातली सात तळघरं उतरायची. काय घडतंय ते खाली एकेका ओळीत उमटायचं. आणि किल्ल्याचा नकाशा खेळात नव्हताच. माहितीपत्रकात सरळ लिहिलं होतं की चौकटींचा कागद आणि पेन्सिल जवळ ठेवा, नाहीतर परत वर येणार नाही. दादाने ते वाचलं आणि स्वयंपाकघराकडे तोंड करून हाक मारली, "पट्टे, ये इकडे! तुझ्या जोगतं काम निघालंय."

त्या संध्याकाळपासून बैठक ठरून गेली. दादा कीबोर्डसमोर खुर्चीवर, पट्टी त्याच्या उजव्या हाताला स्टुलावर, मांडीवर फळी, फळीवर चौकटींचा कागद. तो म्हणायचा, "दोन पुढे. डावीकडे दार. कुलूप." ती रेघ ओढायची. सहा माणसांपैकी चार दादाची होती, सगळी हाणामारीवाली. एक शिंपीण पट्टीची होती, ती कुलपं उघडायची. आणि वैद्य दोघांचा होता. जखमी माणसाला बरं करणारा तो एकटाच, त्यामुळे त्याला मधोमध ठेवून पुढे-मागे बाकीच्यांनी चालायचं. "वैद्याला जप," असं पट्टी इतक्यांदा म्हणायची, की दादा चिडून म्हणायचा, "अगं, सासरा आहे का तो तुझा?"

खेळाचा एक नियम फार वाईट होता. मेलेला माणूस मेला. ओळ उमटायची, मग डिस्कच्या खाचेवरचा तांबडा दिवा लागायचा, आत घरघर व्हायची आणि मरण डिस्कवर कोरलं जायचं. मागे फिरायची सोयच नव्हती. पण ओळ उमटणं आणि दिवा लागणं यांच्यामध्ये एक क्षण असायचा. तेवढ्यात भिंतीवरचं बटण दाबून वीजच तोडली, तर डिस्कला काही कळायचंच नाही. पुन्हा चालू केलं की सहाही जण किल्ल्याच्या दाराशी धडधाकट उभे. हा खेळ खेळणारे सगळेच ही लबाडी करत आणि विचारलं तर कानावर हात ठेवत. भिंतीवरचं बटण पट्टीच्या उजव्या हाताशी होतं. त्यामुळे नकाशाबरोबर तेही काम तिच्याकडे आलं. तळघरात लढाई सुरू झाली की ती पेन्सिल दातात धरायची आणि बोट बटणावर ठेवायची. दादा ओरडायचा, "बंद!" आणि ती दाबायची. मग लगेच चालू करायचं नाही, डिस्क बिघडते. दादा बोट वर करून म्हणायचा, "थांब... थांब... आता." आणि 'आता' म्हटल्यावर ती पुन्हा दाबायची.

एकदा तिला उशीर झाला. पाचव्या तळघरात एक मोठं अजगरासारखं जनावर निघालं आणि त्याने फूत्कार टाकला. ओळी उमटू लागल्या. पहिलवान जखमी. शिंपीण जखमी. वैद्याच्या नावाची ओळ यायला लागली तसा दादा ओरडला, "बंद!" पट्टीने ऐकलं. पण तिला वाटलं, पुढचा शब्द 'जखमी' असेल. कदाचित वाचला असेल, बघू तरी. तेवढ्यात तांबडा दिवा लागला. घरघर झाली आणि वैद्य गेला. दादा खुर्ची सरकवून उठला, खाली दुकानात गेला आणि बरेच दिवस तिच्याशी बोलला नाही. काचेवरच्या चार अक्षरांसाठी एवढा मोठा माणूस तोंड फिरवून जेवायला बसतो, याचं हसू यायला हवं. पट्टीला आलं नाही. तिला रात्रीचं जेवणच जात नव्हतं.

शेवटी एका संध्याकाळी तो आपणहून येऊन खुर्चीवर बसला आणि म्हणाला, "पट्टे, एक लक्षात ठेव. मी बंद म्हणालो की तू विचार करायचा नाही. विचार मी केलेला असतो."

"बरं," ती म्हणाली.

"कदाचित-बिदाचित काही नाही."

"नाही रे बाबा, नाही."

दुसरा भाग आला तेव्हा पट्टीचे दिवस सोन्याचे झाले. पहिल्या भागातली माणसं दुसऱ्यात नेता येत होती. आता रंग होते, राक्षसांची चित्रं होती, पण नकाशा अजूनही आपलाच आपण काढायचा, आणि रचणाऱ्यांनी आता तळघरांत खोड्या करून ठेवल्या होत्या. काही फरश्या अशा होत्या की पाय ठेवला की माणूस गिरकी खाऊन भलतीकडे तोंड करून उभा राहायचा आणि त्याला ते कळायचंही नाही. शहाणीसुरती माणसं दिवसच्या दिवस एकाच बोळात घिरट्या घालत. पट्टीने त्या फरश्या पकडल्या. दादा एकेक पाऊल टाकायचा, ती प्रत्येक पावलाला भिंती ताडून बघायची आणि जिथे भिंत कागदाशी जुळेना तिथे बारीक गोल काढायची. दुकानात येणारी कॉम्प्युटरवाली पोरं तिचे नकाशे उतरवून न्यायला लागली. दादा छाती काढून सांगायचा, "आमच्या पट्टीने काढलाय. चूक निघाली तर सेट फुकट दुरुस्त करून देईन." चूक कधी निघाली नाही. कारखान्यातल्या बायकांना तिने यातलं काही सांगितलं नव्हतं, पण त्या दिवसांत ती काम करताना गुणगुणायची, हे त्यांच्या ध्यानात आलं होतं.

मग तिसरा भाग आला. त्याच्या पेटीवरच मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं: आता कागद नको, पेन्सिल नको! खेळच नकाशा काढत होता. माणसं जिथून जातील तिथला तुकडा कोपऱ्यात आपोआप उमटायचा, रेघ ना वाकडी ना तिरकी. शिवाय खेळ कुठेही थांबवून ठेवता यायचा. माणूस मेला तर मागच्या थांब्यावर जाऊन पुन्हा सुरू करायचं. भिंतीवरच्या बटणाची गरज संपली. कंपनीला वाटलं, लोकांना सोय हवी. लोकांना सोय हवीच असते, त्यात कंपनीची काय चूक. पण एका झटक्यात पट्टीची दोन्ही कामं गेली, याचा हिशेब कुणी केला नव्हता. पहिल्या संध्याकाळी ती सवयीने फळी घेऊन स्टुलावर बसली. कोपऱ्यातला नकाशा आपला आपण वाढत होता. दादा बोलतही नव्हता, कारण बोलून दाखवण्यासारखं काही उरलं नव्हतं. बऱ्याच वेळाने त्याचं तिच्याकडे लक्ष गेलं आणि तो म्हणाला, "तू कशाला ताटकळतेस? पड जा की."

तो हे मायेनेच म्हणाला होता. पण तिच्या अंगाचा तिळपापड झाला. दुसऱ्या दिवशी तिने झाडून सगळे नकाशे काढले आणि रद्दीवाल्याला देऊन टाकले. पुढे काही महिन्यांनी कारखान्याची नवी शाखा गावाच्या पलीकडच्या टोकाला निघाली, तेव्हा ती आपणहून तिकडे गेली आणि तिथेच एक खोली घेतली. जाणं-येणं लांब पडतं, असं तिने कारण सांगितलं. दादानेही ते खरं मानल्यासारखं केलं. रविवारी ती यायची, डबा ठेवायची, दोन तास बसायची. नकाशांबद्दल त्याने एकदाच विचारलं. "रद्दीत गेले," ती म्हणाली. तो "हं" म्हणाला आणि पुन्हा पडद्याकडे वळला. त्या दोन तासांत यापेक्षा जास्त बोलणं क्वचितच व्हायचं.

वर्षं गेली, भाग येत राहिले. चौथ्या भागात तळघरं खरीखुरी दिसायला लागली, दगडावरचा ओलावासुद्धा. पण सहा माणसं घेता येत नव्हती, एकच. दादाने आपला पहिलवान नेला. बाकीच्यांचं काय झालं, असं पट्टीने एका रविवारी विचारलं, तर तो म्हणाला, "राहिली मागे. तुझी शिंपीणही राहिली." पाचव्या भागात जमिनीवर सोनेरी बाण उमटायचा, इकडून जा, तिकडून जा. आणि राक्षस आपल्या ताकदीला बेतून यायचे, म्हणजे कुणी नाराज होऊन जायला नको. दादा तो खेळून कंटाळला. "हरताच येत नाही गं," तो म्हणाला. "लहान मुलाला मुद्दाम जिंकू देतात ना, तसं वाटतं." तरी त्याने खेळ सोडला नाही. दुसरं करण्यासारखं त्याच्याकडे काही नव्हतं. टीव्ही दुरुस्त करून घेणारी माणसं कमी झाली होती, लोक जुना टाकून नवाच आणत.

सहावा भाग फोनवर आला. अंगठा सरकवून तलवार चालवायची. दादाची तलवार चालेना. तो अंगठा सरकवायचा आणि अंगठा अर्ध्यावर थांबायचा. त्याने खेळाला शिव्या घातल्या. प्रत्येक नव्या भागात कंपनीने हाताची सवय मोडली होती. आधी कीबोर्डवरच्या कळा बदलल्या, मग माउस आणला, मग माउसचीही बटणं उलटी केली. दर वेळी दादा महिनाभर चाचपडायचा आणि मग हात बसायचा. तसंच हेही, असं त्याने धरलं. कंपनीला तक्रारी पाठवल्या. कंपनीने गोड उत्तरं पाठवली. पट्टीही रविवारी त्याचीच री ओढायची, "मेल्यांनी चांगल्या खेळाची वाट लावली." हातातून कप निसटला तर कप गुळगुळीत. डाख चुकीच्या जागी पडला तर चष्मा बदलायला हवा. जवळजवळ वर्ष दोघांनी असं काढलं. दोघंही हुशार आणि दोघांनाही त्या खेळाची खोड पाठ होती, म्हणूनच त्यांना शंका आली नाही. दुसऱ्या कुणाचा अंगठा असा अडला असता, तर तो सरळ डॉक्टरकडे गेला असता.

एका रविवारी दादाला शर्टाचं बटण लावता येईना. शर्ट पट्टीच्याच कारखान्यातला होता. काज बरोबर आहे हे तिला शपथेवर ठाऊक होतं. तिने त्याचा हात हातात घेऊन बघितला. अंगठ्याच्या बुडाचं मांस खोल गेलं होतं.

डॉक्टर बाईंनी तपासण्या केल्या आणि आडपडदा न ठेवता सांगितलं. स्नायूंना हुकूम पोचवणाऱ्या नसा मरत चालल्या होत्या. आधी हात, मग पाय, मग जीभ, मग श्वास. डोळे आणि डोकं शेवटपर्यंत शाबूत. औषध नाही. आधी आला असता तर थोडा वेळ हाताशी मिळाला असता, इतकंच. पट्टीने त्याच आठवड्यात खोली सोडली आणि बाडबिस्तरा घेऊन दुकानाच्या वर परत आली. नोकरीतून ती थोड्याच दिवसांत निवृत्त व्हायची होती, ती आधीच झाली.

दादाने एकच गोष्ट मागितली. माळ्यावर पहिला कॉम्प्युटर होता, तो खाली काढ. डिस्क केव्हाच बुरशीने गेली होती, पण जुने खेळ जपणाऱ्या एका माणसाकडून दादाने पहिल्या भागाची प्रत आणून ठेवली होती. कॉम्प्युटर चालू होईना. मग दादा पलंगावरून सांगायचा आणि पट्टी हातात डाखाची सळई धरून करायची. तिने बोटं भाजून घेतली, शिव्या खाल्ल्या, दिल्याही. आणि एका दुपारी पडद्यावर त्या पांढऱ्या रेघा उभ्या राहिल्या. दादा हसला तेव्हा त्याच्या तोंडाची एकच बाजू वर गेली.

कॉम्प्युटर जुन्याच जागी, त्याच्या शेजारी दादाचा पलंग. आता कीबोर्डवर पट्टी, कागदावर पट्टी आणि भिंतीवरच्या बटणावरही पट्टीच. दादा नुसता बोलायचा. "दोन पुढे. डावीकडे." त्यांनी सहा जण नव्याने तयार केले, पुन्हा शिंपीण, पुन्हा वैद्य. नकाशे पुन्हा पहिल्यापासून काढावे लागले. रद्दीत घातलेल्या त्या कागदांची आठवण दोघांनाही होती, पण त्याने विषय काढला नाही आणि त्याचं तिला जास्त लागलं. पहिलं तळघर होईतो त्याचे पाय गेले. तिसऱ्याला जीभ जड झाली. 'उजवीकडे' आणि 'डावीकडे' एकसारखंच ऐकू यायला लागलं, तेव्हा पट्टीने जुना धंदा बाहेर काढला. नमुन्याच्या जाड कागदावर तिने चौकटी आखल्या आणि एकेका चौकटीत एकेक अक्षर लिहिलं. ती ओळींवरून फूटपट्टी सरकवायची आणि हवी ती ओळ आली की दादा डोळे मिटायचा. मग त्या ओळीतली चौकट. असा एकेक शब्द जुळवायचा. तो कागद तिने पलंगासमोरच्या भिंतीला टांगला.

श्वास संपत आला तेव्हा डॉक्टर बाईंनी विचारलं, गळ्यात नळी घालून मशीन लावायचं का. ते न लावण्याचा हक्क त्याला होता. दादाने बराच वेळ घेऊन कागदावर जुळवलं: लावा. आणि मग: बंद मी सांगेन. डॉक्टर बाईंनी पट्टीकडे बघितलं.

"त्यांनी सांगितलं की मला कळवायचं," त्या म्हणाल्या. "कायद्याने चालतं ते. पण कळवायला तुम्हीच आहात. तयारी आहे ना?"

"आमचं ठरलेलंच आहे," पट्टी म्हणाली.

मशीन आलं. त्याची फुसफुस दिवसभर चालायची. एक नर्स दिवसातून दोनदा येऊन नळी साफ करायची. तेवढा वेळ दादाचा चेहरा निळा पडायचा आणि डोळ्यांतून घळाघळा पाणी यायचं. त्याला ओरडताही येत नव्हतं. पट्टी खिडकीबाहेर बघत उभी राहायची. खेळ चालू होता. चौथं तळघर झालं, आता पाचव्यात उतरायचं होतं. त्याच सुमारास एका सकाळी ती फूटपट्टी सरकवायला लागली आणि दादाने 'ब' वर डोळे मिटले. पुढचं अक्षर तिने लावून घेतलं नाही. तिला कळलं होतं.

"आज नको," ती म्हणाली. "उद्या बघू."

दुसऱ्या दिवशीही 'ब'. तिसऱ्या दिवशी तिने कागद भिंतीवरून उतरवला आणि कपाटामागे सरकवून ठेवला. नर्सला सांगितलं की मळलाय, नवा करतेय. नवा ती करणार नव्हती. ज्या माणसाकडे बोलायला डोळ्यांपलीकडे काही उरलं नव्हतं, त्याची जीभ तिने कपाटामागे टाकली. तिला ते कळत होतं, तरी तिने केलं. सख्खा भाऊ होता, दुसरं कुणी नव्हतं, आणि जोवर मशीन फुसफुसत होतं तोवर घरात दोन माणसं होती. दादा त्या मोकळ्या भिंतीकडे बघत राहायचा. मग तिच्याकडे बघायचा. मग पुन्हा भिंतीकडे. ती भांडी घासायला जायची, घासलेली पुन्हा घासायची.

त्याचं मन रमावं म्हणून एका दुपारी तिने खेळ लावला आणि पाचव्या तळघरात उतरली. खाणाखुणा उरल्या होत्या दोनच, डोळे मिटले की हो, उघडे ठेवले की नाही. "सरळ जाऊ?" हो. "हे दार?" नाही. बोळ वळला आणि समोर तेच अजगरासारखं जनावर आलं. फूत्कार. ओळी उमटू लागल्या. पहिलवान जखमी. शिंपीण जखमी. वैद्याचं नाव यायला लागलं. पट्टीने मान वळवून दादाकडे बघितलं, तर त्याने डोळे गच्च मिटले होते. तिचा हात गेला. विचार नाही, कदाचित नाही, हात आपोआप गेला आणि बटण दाबलं. पडदा काळा झाला. तांबडा दिवा लागला नव्हता. मागे मशीन आपल्या वेगळ्या तारेवर फुसफुसत होतं.

ती तशीच बसून राहिली. एका वैद्यासाठी हात गेला. अक्षरांच्या वैद्यासाठी. दादाने स्वतःसाठी मागितलं तेव्हा गेला नव्हता. दादा तिच्याकडे बघत होता, आणि डोळ्यांत राग नव्हता, हेच तिला सहन होईना. ती उठली, कपाटामागचा कागद काढला, पदराने धूळ पुसली आणि भिंतीला लावला.

"चुकले मी," ती म्हणाली. "बोल."

त्याने जुळवलं. बंद.

"दादा, तिथे बंद केलं की माणूस परत येतो. इथे येत नाही."

तिने फूटपट्टी सरकवली. कळतं, त्याने जुळवलं. मग आणखी काहीतरी त्याला म्हणायचं होतं. ओळीमागून ओळ गेली, तिचा हात भरून आला, मशीन फुसफुसत राहिलं. शब्द पुरे झाले तेव्हा ते असे होते: दिवा लागायच्या आत.

पट्टी रडता रडता हसली. मग तिने डॉक्टर बाईंना फोन केला.

त्या दोन दिवसांनी दुपारी आल्या, नर्सला घेऊन. त्यांनी दादाला समोर बसून विचारलं, पुन्हा विचारलं, दोन्ही वेळा त्याने डोळे मिटले. मग त्यांनी पट्टीला समजावलं. आधी औषध देतो, म्हणजे घुसमट होणार नाही, झोप लागेल. मग मशीन मी बंद करते. "तुम्ही आतल्या खोलीत थांबलात तरी चालेल."

"मी त्याच्या उजवीकडे बसते," पट्टी म्हणाली आणि तिने स्टूल ओढलं.

औषध गेलं. दादा तिच्याकडे बघत होता. मग हळूहळू पापण्या खाली आल्या. डॉक्टर बाईंनी तिच्याकडे मान वळवली. पट्टीने लगेच मान हलवली, जराही थांबली नाही. डॉक्टर बाईंनी मशीन बंद केलं. फुसफुस थांबली आणि खाली रस्त्यावरचे आवाज पहिल्यांदाच खोलीत स्पष्ट ऐकू आले. पट्टीचा उजवा हात वर गेला होता. मशीनचा त्या भिंतीवरच्या बटणाशी संबंध नव्हता, त्याची तार वेगळी होती. तरी तिने बटण दाबलं आणि बोट तिथेच ठेवलं.

डॉक्टर बाईंनी दादाच्या छातीवर स्टेथोस्कोप ठेवून बराच वेळ ऐकलं. मग नर्सकडे बघून मान हलवली. नर्सने चादर सारखी केली.

"ताई, हात खाली घ्या आता," डॉक्टर बाई हळूच म्हणाल्या.

"थोडं थांबावं लागतं," पट्टी म्हणाली. "पुन्हा कधी चालू करायचं ते तो सांगतो."